केसभर तांबडं

आमच्या अप्पांना छापखान्यात कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे त्यांना 'केसभर' म्हणायचे. कारण कुठलाही छापलेला कागद हातात आला, मग ती औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका, अप्पा खिशातलं घडीचं भिंग काढणार, डोळ्याला लावणार आणि म्हणणार, "केसभर सरकलंय." माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरही हेच म्हणाले. मुलाकडची मंडळी समोर बसलेली, सगळे छान छान म्हणतायत, आणि यांचं आपलं एकच, कोपऱ्यातलं फूल केसभर उजवीकडे गेलंय. आईने कपाळावर हात मारून घेतला.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवते आणि बडबडते. बडबड हा माझा स्वभावच आहे, त्याला औषध नाही. मी पाच मिनिटं गप्प बसले तर घरचे थर्मामीटर शोधायला लागतात. त्यामुळे अप्पांची ही गोष्ट मीच सांगितलेली बरी, ते काही सांगायचे नाहीत. त्यांना जे काही बोलायचं होतं ते त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवलं होतं, आणि तो माणूस त्यांना अडतीस वर्षं भेटला नाही.

तो माणूस म्हणजे चित्रकारकाका.

आमच्या छापखान्यातून दर पंधरवड्याला 'टेहळ्या' नावाचं चित्रांचं पुस्तक निघायचं. टेहळ्या हा आमच्या वेळच्या पोरांचा वीर. दिवसा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि कुणावर संकट आलं की पाण्याच्या उंच टाकीवर जाऊन उभा राहायचा. मैलभरावरून कुणी हळू आवाजात हाक मारली तरी त्याला ऐकू यायची. अंगात निळा पोशाख आणि पाठीवर तांबडी झूल. आई म्हणायची, झूल बैलाला घालतात, माणसाला नव्हे. आम्ही ऐकतोय कसले. टॉवेल पाठीला बांधून पलंगावरून उड्या मारायचो, आणि एकदा माझा पुढचा दात त्यात कामी आला.

टेहळ्याची चित्रं काढायचे चित्रकारकाका आणि ती छापायचे अप्पा. काकांची रेष एका दमात ओढलेली असायची, मध्ये कुठे कुंचला टेकवून श्वास घेतलाय असं दिसायचं नाही. आणि त्यांचा एक नियम होता. तांबडा रंग फक्त टेहळ्याच्या झुलीला. बाकी सगळ्या गावात विटा करड्या, फुलं पिवळी, आणि माणसांचे चेहरे असे की सगळ्यांना एकदम कावीळ झालीय. तांबडं दिसलं की समजायचं, तो आला.

आता छपाईचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा एकच कागद मशिनातून चारदा जायचा. आधी पिवळा, मग तांबडा, मग निळा, आणि शेवटी काळा, म्हणजे रेषा. दर खेपेला कागद नेमका त्याच जागी पडला पाहिजे. तसा पडला की छापखान्यात म्हणत, "बसला." एवढंच. शाबासकी वगैरे काही नाही. आणि नाही बसला तर बाईचे ओठ तिच्या गालावर जातात. छापखान्यात मशिनं दोन. नव्या मशिनावर बाकीचे रंग, आणि जुन्यावर फक्त तांबडा, कारण तांबडी शाई एकदा चढली की धुऊन काढण्यात अर्धा दिवस जातो. या जुन्या मशिनाला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. म्हातारीची कागद अडवायची पट्टी झिजली होती. त्यामुळे तांबडा रंग दर वेळी केसभर डावीकडे पडायचा. आणि तांबडं तर फक्त टेहळ्याच्या अंगावर. म्हणजे सगळं गाव आपापल्या रेषेत, आणि एकटा टेहळ्या डावीकडे रेषेबाहेर सांडलेला.

रोज दहा वाजता दोघं कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून एक चहा दोघांत प्यायचे. काका म्हणायचे, "केसभर, तुझ्या म्हातारीने माझ्या पोराला पुन्हा माखून ठेवलं." अप्पा म्हणायचे, "माझा रंग जागेवरच आहे. तुझी रेषच उजवीकडे जाते." असं वर्षभर चाललं होतं. कधीतरी टेहळ्यावर सिनेमा निघेल अशी दोघांची स्वप्नं होती, आणि सिनेमाचा पत्ता नाही तोवर दोघांचं त्यात बसायचं कुठे यावरून भांडण. काकांचं म्हणणं, चित्र लांबून बघायचं असतं, मी शेवटच्या रांगेत बसणार. अप्पांचं म्हणणं, चित्र नाकाला लावून बघायचं असतं, मी पहिल्या रांगेत. शेवटी तडजोड झाली. पहिला दिवस, पहिला खेळ, नववी रांग, शेजारी शेजारी. पंज्यावर पंजा मारून ठरलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी अप्पांनी म्हातारी उघडली. कुणी सांगितलं नव्हतं. मित्राची रेष आपल्या हातून बिघडते हे त्यांना आतून खात होतं, वरवर कितीही थट्टा केली तरी. आई आणि मी डबा घेऊन गेलो तेव्हा कोपरापर्यंत तेलात होते. पट्टी काढून घासली, झिजलेल्या जागी पत्रा बसवला, दहादा कागद घालून पाहिला. एकतिसावा अंक असा निघाला की तांबडं कुठेही रेषेबाहेर नाही. पहिली प्रत घेऊन अप्पा काकांच्या घरी गेले. काका पान पान उलटत राहिले. शेवटी अप्पांचा शाईने भरलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. अप्पा हे आईला सांगत होते तेव्हा मी पलंगावर झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते.

आणि मग पत्रं यायला लागली.

आम्हा पोरांना यातलं काय ठाऊक? आमच्या लेखी ते डावीकडचं तांबडं म्हणजे टेहळ्याची शक्ती होती. शाळेत याच्यावर मोठी शास्त्रं रचली गेली होती. टेहळ्या डावीकडे धावत असेल तर तांबडं त्याच्या पुढे असतं, म्हणजे तो पोचायच्या आधी त्याचं बळ पोचतं, म्हणजे जिंकणार. उजवीकडे धावत असेल तर तांबडं मागे राहतं, म्हणजे आज मार खाणार. आणि गंमत अशी की ते बरेचदा खरं ठरायचं. त्या पोरांच्या हातात एकतिसावा अंक पडला. टेहळ्याचं तांबडं गेलं. पोरं रडली. टेहळ्या मेला का, तो आजारी आहे का, हा कुणी तोतया आहे का, अशी पोतंभर पत्रं छापखान्यात आली.

त्यांतलं एक माझं होतं. नाव न घालता लिहिलं होतं. आठ वर्षांची होते मी, बापाला विचारायचं सोडून पेटीत पत्र टाकून आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मालकांनी पत्रांचं पोतं अप्पांच्या पुढ्यात ओतलं आणि म्हणाले, "ती चूक परत आणा." अप्पा म्हणाले, "त्याला विचारतो." मालक म्हणाले, "विचाराल तर तो नाही म्हणेल, आणि मग मला तुम्हा दोघांतला एक निवडावा लागेल. मुकाट्याने करा." अप्पांनी कॅलेंडरच्या पानाचा तुकडा चार घड्या घालून त्या दुरुस्त केलेल्या पट्टीत सारला. तांबडं पुन्हा केसभर डावीकडे गेलं. आणि अप्पांनी काकांना सांगितलं नाही.

चार महिने सांगितलं नाही. यातलं सगळ्यांत वाईट काय ते मला अप्पांनी फार वर्षांनी, एकदाच, आईच्या आजारपणात सांगितलं. म्हणाले, "दहाच्या चहाला तोच माझी समजूत काढायचा. म्हणायचा, म्हातारी ती म्हातारीच, तू तरी किती करशील. आणि मी चहा प्यायचो."

एक दिवस काका सकाळी लवकर आले. अप्पा घडीचा कागद पट्टीत सारत होते. काकांनी पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "यंत्राची चूक होती तोवर मी हसत होतो. ही तू हाताने केलीस. आणि माझ्याबरोबर चहा पीत राहिलास." झालं. त्या दिवशी दहा वाजता गठ्ठ्यांवर अप्पा एकटेच होते. महिन्याभरात काका गाव सोडून गेले. टेहळ्या दुसऱ्या कुणी काढायला घेतला, त्याचं नाक दर अंकात वेगळं यायचं, आणि वर्षभरात पुस्तक बंद पडलं.

अप्पांनी एक पत्र लिहिलं. ते "या पत्त्यावर राहत नाहीत" असा शेरा घेऊन परत आलं. आई म्हणाली, शोध काढा, माणूस काही पाताळात गेला नाही. अप्पा म्हणाले, "पत्रात काय लिहिणार? भेटला की बोलेन." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई म्हणायची, पण मला तो पीळ वाटत नाही. लाज वाटत होती त्यांना. तो कॅलेंडरचा तुकडा मात्र त्यांनी पाकिटात ठेवला, आणि तेव्हापासून चहा अर्धाच प्यायचे. अर्धा कपात ठेवायचे. आई कप उचलताना रोज पुटपुटायची, आणि रोज उचलायची.

मी बारा वर्षांची असताना टेहळ्यावर पहिला सिनेमा आला. भिंतीवर कागद लागले त्या दिवसापासून अप्पा दाढी रोज करायला लागले. पहिला दिवस, पहिला खेळ, नववी रांग. तिकिटं तीन. एक त्यांचं, एक माझं, आणि मधल्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून तिसरं. आई म्हणाली, "रिकाम्या खुर्चीला सिनेमा दाखवणारा माणूस माझ्याच नशिबी." पण माझी वेणी तिने त्या दिवशी घट्ट घालून दिली.

आता सिनेमाचं सांगते. तो पहिला टेहळ्या म्हणजे एक खाऊनपिऊन सुखी नट होता. निळा पोशाख पोटावर ताणलेला. झूल मखमलीची, इतकी जड की धावताना पायांत यायची आणि तो एका हाताने ती सावरत गुंडांना मारायचा. टाकीवरून उडी मारतो तेव्हा त्याला बांधलेली दोरी मला स्पष्ट दिसली. पण त्याचा चेहरा चांगला होता. कुणी हाक मारली की तो आधी घाबरायचा आणि मग जायचा. तांबडं मात्र झुलीपुरतंच. बाहेर काही नाही. अप्पा म्हणाले, "रेष स्वच्छ ठेवलीय. त्याला आवडलं असेल." मग आम्ही दाराशी उभे राहिलो. बाहेर पडणारा एकेक माणूस अप्पांनी पाहून घेतला. झाडूवाली आली, तिने आमच्या पायांखालूनही झाडलं, तेव्हा कुठे निघालो.

दुसरा सिनेमा आला तेव्हा माझं लग्न झालं होतं, दुकानातही लागले होते. तोवर संगणकाने काय वाटेल ते दाखवता यायला लागलं होतं, आणि त्यांनी ते सगळं दाखवलं. नट तरुण, अंग कोरून काढलेलं, चेहऱ्यावर काही नाही. आणि तांबडं? विचारू नका. नुसता डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, चुलीवर विसरलेल्या तव्यासारखा. कुणीतरी जुने अंक चाळले असावेत, पण घाईत. अप्पा भर सिनेमात बोलले, "चारी बाजूंनी कसं? डावीकडून पाहिजे." मागचा म्हणाला, "आजोबा, तुम्हीच काढा मग." रिकामी खुर्ची मधोमध तशीच. बाहेर दाराशी उभे असताना अप्पा एका टकल्या माणसाच्या मागे पायऱ्यांपर्यंत धावले, त्याच्या हातात चित्रकारांकडे असते तशी मोठी चपटी पिशवी होती. त्याने वळून पाहिलं. वेगळाच कुणी होता. अप्पांनी त्याची माफी मागितली, पुन्हा दाराशी येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "त्याला हा सिनेमा पटला नसणार. मध्येच उठून गेला असेल."

त्या दिवसांत माझ्या दुकानात हाच वाद. गिऱ्हाईक नाकावर फ्रेम चढवून आरशात बघता बघता सांगायचं, पहिला टेहळ्या खरा, दुसरा म्हणजे नुसती रोषणाई. दुसरं म्हणायचं, पहिला काय, पायात झूल येऊन पडायचा, वेग बघा दुसऱ्याचा. मी दोघांनाही होय म्हणून चष्मे विकले. घरी येऊन अप्पांना विचारलं, तुमचा निकाल काय? अप्पांनी अर्धा चहा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पहिल्यात माणूस होता, तांबडं नव्हतं. दुसऱ्यात तांबडं होतं, माणूस नव्हता. दोन्ही एकाच जागी बसायला पाहिजेत."

तिसरा यायला एकोणीस वर्षं लागली. मधल्या काळात छापखाना पाडला, म्हातारी भंगारात गेली, आणि आई गेली. आई गेल्यावर अर्धा कप मी उचलायला लागले. पुटपुटणंही माझ्याकडेच आलं. अप्पा आता एकोणऐंशीचे. उजव्या डोळ्याने जवळजवळ नाहीच, डाव्याने तपासणीच्या तक्त्यावरची वरून तिसरी ओळ, त्याखालचं काही नाही. हे मला कुणी सांगायला नको, मीच मोजलंय.

"अप्पा, तुम्हाला धड दिसणार नाही," मी म्हटलं.

"मला कुठे बघायचंय? त्याला मी दिसलो पाहिजे," अप्पा म्हणाले.

मी रजा टाकली. आमचं जुनं थिएटर आता तीन तुकड्यांत वाटलंय, खुर्च्या पलंगाएवढ्या, आणि रांगांना आकडे नाहीत, अक्षरं आहेत. अप्पांनी पुढून हाताने खुर्च्यांच्या पाठी चाचपत नऊ मोजल्या. त्याआधी तीन तिकिटं मागितली तेव्हा खिडकीवरच्या मुलीने विचारलं होतं, "तिसरं कोण?" अप्पा म्हणाले होते, "येतोय."

या तिसऱ्या सिनेमातला टेहळ्या म्हातारा होता. घड्याळाच्या दुकानात बसलेला, गुडघे दुखणारा, आणि टाकीची शिडी चढताना मध्ये दोनदा थांबणारा. मी अप्पांच्या कानाशी लागून सगळं सांगत होते. लोकांनी श् श् केलं, मी त्यांच्याकडे दुकानात दंगेखोर पोरांकडे बघते तसं पाहिलं. पहिली हाक आली. दुकानाचं दार बंद आहे. दार उघडायच्या आधी, चौकटीच्या डाव्या कडेला, एक बारीक तांबडी रेघ उमटली. मग दार उघडलं आणि तो दिसला.

"अप्पा, डावीकडून," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. "फक्त डावीकडून?"

"फक्त."

मध्यंतर झालं तसे ते उठले, माझी वाट न बघता. बाहेर चहाच्या टेबलापाशी, पायऱ्यांवर, पुरुषांच्या मुतारीच्या दारात, सगळीकडे फिरून माणसांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघून आले. मला म्हणाले, "सिनेमावाल्यांना कुणीतरी सांगितलंय. त्याच्याशिवाय कोण सांगणार? म्हणजे आहे तो." मी त्यांना इतकं आनंदात आई असतानाही पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांचा खरोखर राग आला. एवढी ओढ होती तर अडतीस वर्षं कुठे ठेवली होती? पण त्यांच्या हातात चहाचा कप होता, त्यात अर्धा चहा होता, आणि ते तो घेऊन आत आले.

सिनेमा संपला. लोक उठायला लागले. पडद्यावर नावं धावायला लागली, आणि त्यांच्या बाजूला जुनी चित्रं यायला लागली. काकांची. मी एकेक वाचून दाखवत होते, सांगत होते, ही टाकी, हे दुकान, हा कावीळ झालेला फौजदार. शेवटी सगळी नावं थांबली आणि एक पान आलं, अख्ख्या पडद्यावर. छापलेलं नव्हे, हाताने रंगवलेलं. खाली लिहिलं होतं, चित्रकाराच्या घरी मिळालेलं शेवटचं पान. टेहळ्या टाकीवर उभा, पाठमोरा. काळी रेष एका दमातली. आणि झुलीचं तांबडं रेषेबाहेर.

"अप्पा, तांबडं बाहेर आहे," मी म्हटलं.

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"छापताना गेलंय?"

"नाही. हाताने काढलंय. कुंचल्याचे केस दिसतायत रंगात. आधी पेन्सिलने आखून घेतलंय आणि मग नेमकं तिथपर्यंत भरलंय."

"किती?"

"पडद्यावर चांगलं हातभर दिसतंय."

"पडद्यावरचं नको सांगू. पानावर किती असेल?"

"केसभर," मी म्हटलं.

मग ते पान हळूहळू काळं झालं आणि त्या काळ्यावर बारीक अक्षरांत काकांचं नाव आलं. नावाखाली दोन सालं. दुसरं साल तीन वर्षांपूर्वीचं. तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीएवढी अक्षरं होती ती, अप्पांना दिसणं शक्यच नव्हतं. दिवे लागले.

"चल, दाराशी," अप्पा म्हणाले.

मी त्यांना घेऊन दाराशी उभी राहिले. एकेक माणूस बाहेर पडला. अप्पांनी एका हाताने पाकीट काढून त्यातला कॅलेंडरचा तुकडा बोटांत धरला होता, घड्या पिवळ्या पडून फाटलेल्या. शेवटचं जोडपं गेलं. झाडायला आलेला माणूस आत गेला आणि झाडून बाहेर आला. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, घरी गेल्यावर सांगावं. मग वाटलं, कशाला सांगावं. आणि मला दुसरंच काहीतरी सांगायचं सुचलं.

"अप्पा, त्या पत्रांत एक पत्र माझं होतं. तांबडं कुठे गेलं म्हणून."

"ठाऊक आहे," अप्पा म्हणाले. "तुझं अक्षर मी ओळखणार नाही? पोत्यातून पहिलं तेच निघालं."

त्यांनी तुकडा परत पाकिटात ठेवला, हातातल्या कपातला गार झालेला चहा पिऊन टाकला, आणि मला धरून तिकिटांच्या खिडकीकडे निघाले. सकाळचीच मुलगी होती. तिने ओळखलं. "पुढचा खेळ? तीन ना?"

"दोन," अप्पा म्हणाले. "पहिल्या रांगेतली."

"अप्पा, तीन घ्या," मी म्हटलं. माझ्या तोंडून गेलंच ते.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. "ते पान दाखवलं तोवर तू बोलत होतीस. मग एकदम गप्प झालीस. तू कधी गप्प बसतेस का?"

मी तिथे, त्या खिडकीसमोर, लोकांच्या रांगेत उभी राहून रडले. अप्पा रडले नाहीत. त्यांनी पैसे दिले, सुटे मोजून घेतले, आणि मला रुमाल दिला.

पहिल्या रांगेत मान दुखते हो. अडीच तास वर बघत आम्ही तोच सिनेमा पुन्हा पाहिला, आणि या खेपेला मी काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. नावं धावायला लागली तेव्हा मी फक्त त्यांच्या गुडघ्याला हात लावला. अप्पा उठले. तीन पावलं पुढे गेले, पडद्याच्या अगदी पुढ्यात. खिशातून घडीचं भिंग काढलं आणि डाव्या डोळ्याला लावलं. आता घराएवढ्या पडद्याला भिंग लावून काय दिसणार? लाल उजेडाशिवाय काही दिसणार नाही, हे मी चष्मेवाली छातीठोक सांगू शकते. मागून कुणीतरी हसलं. अप्पा पान काळं होईपर्यंत तसेच उभे होते.

मग त्यांनी भिंगाची घडी घातली, खिशात ठेवलं आणि वळले.

"बसला," म्हणाले.